रजिस्टर पोस्टाने केलेली क्षमा

क्षमा करणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती एकदा रजिस्टर पोस्टाने करून बघावी. मी केली. पोचपावतीसकट केली. त्यानंतरचे तीन आठवडे माझ्या घरात, इमारतीत आणि चर्चमध्ये जे काही झालं ते आठवलं की वाटतं, मनात राग धरून गप्प बसणारी माणसं समाजावर केवढे उपकार करत असतात.

सुरुवात पाळकसाहेबांनी केली. आमच्या मंडळीच्या पंचांपैकी एक जागा रिकामी झाली होती. पंच म्हणजे फार मोठं काही नव्हे. उपासनेला पहिल्या बाकावर बसायचं, महिन्यातून एकदा सभेला जाऊन छपराच्या गळतीवर चर्चा करायची, आणि प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेबांच्या मागे गंभीर चेहऱ्याने उभं राहायचं. गंभीर चेहरा माझ्याकडे जन्मापासून आहे. लोकही म्हणायचे, तुम्ही अजून पंच कसे नाही? म्हणजे तोंडाने म्हणत नसत, पण त्यांच्या बघण्यात ते असायचं. हिला ते कधी दिसलं नाही, पण ही गायनवृंदात असल्यामुळे तिचं लक्ष वहीत असतं.

तर एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं.

"तुमचं नाव सुचवायचं म्हणतोय," ते म्हणाले.

"माझी काय पात्रता!" मी म्हणालो. हे वाक्य मी दोन वर्षांपासून तयार ठेवलं होतं.

"तेच विचारायचं होतं. तुमचं आणि तुमच्या समोरच्यांचं बोलणं आहे का?"

या प्रश्नाची तयारी नव्हती. "बोलणं नाही, पण भांडणही नाही," मी म्हणालो. "बोलतच नाही म्हटल्यावर भांडणार कसं?"

पाळकसाहेब हसले. ते रागावले की हसतात. "तीन आठवड्यांनी निवड आहे. तोवर मिटवून टाका. मनात अढी ठेवून पुढच्या बाकावर बसायचं आणि मागच्या बाकावरच्यांना प्रेम शिकवायचं, हे काही बरं दिसत नाही. मिटलं तर नाव वाचतो. नाही मिटलं तर नाही वाचत."

आता हे 'समोरचे' कोण ते सांगायला हवं. आमच्या मजल्यावर दोनच घरं. एकात आम्ही, दुसऱ्यात ते. ते एका शाळेत भूमिती शिकवत आणि आता निवृत्त आहेत. चर्चही आमचंच. पूर्वी आमचं बरं होतं. पूर्वी म्हणजे चपलांच्या कपाटाच्या पूर्वी. तीन वर्षांमागे त्यांनी दाराबाहेर एक लाकडी कपाट आणून ठेवलं, आणि ते दोन दारांच्या बरोबर मध्यावरून नऊ इंच आमच्या बाजूला येत होतं. नऊ इंच हा माझा अंदाज नव्हे, मी मोजलं होतं. भूमितीच्या माणसाला मध्य कळत नाही, यावर माझा विश्वास बसेना. मी इमारतीच्या समितीकडे रीतसर तक्रार केली, समितीने कपाट हलवायला लावलं, आणि तेव्हापासून समोरच्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं. त्याच सुमारास त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, पण तो मुद्दा वेगळा.

न बोलण्यात फार कष्ट असतात, हे बोलणाऱ्यांना कळत नाही. बाहेर पडण्याआधी मी दाराच्या भोकातून बघायचो की ते बाहेर नाहीत ना. पुढे लक्षात आलं की तेही त्याच वेळी त्यांच्या भोकातून बघत असतात. कित्येकदा आम्ही दोघं दहा-दहा मिनिटं एकमेकांची बंद दारं निरखत उभे असायचो. कचेरीत उशिराचा शेरा पडायचा. खरं सांगायचं तर मला त्या माणसाची आठवणही यायची. शनिवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्या गॅलरीत बसून गेल्या रविवारच्या प्रवचनातल्या चुका काढत असू. तेवढं मनमोकळं मी नंतर कोणाशी बोललेलो नाही.

"अहो, चार पावलांवर दार आहे," ही म्हणाली. "जा आणि सांगा, झालं गेलं विसरून जाऊ."

"तोंडी?" मी म्हणालो.

मी बावीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात आहे. आलेल्या कागदावर शिक्का, तारीख, नंबर. जाणाऱ्या कागदावर शिक्का, तारीख, नंबर. आमच्या विभागाची श्रद्धा अशी, की ज्याला नंबर नाही ते घडलेलंच नाही. आमच्याकडचा एक कारकून निवृत्त झाल्यावरही चार महिने कामावर येत होता, कारण त्याच्या निवृत्तीचा आदेश जावकमध्ये पडून होता. अशा माणसाने तोंडी क्षमा करायची आणि उद्या समोरच्यांनी 'मला कोणी क्षमा केलेलीच नाही' म्हणून हात वर केले, तर पाळकसाहेबांना मी दाखवू काय? मी त्याच दुपारी पत्र लिहिलं.

"विषय: क्षमा करण्याबाबत. संदर्भ: चपलांचे कपाट. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, सदर कपाटाच्या संदर्भात आपल्या हातून घडलेल्या वर्तनाबद्दल आपणांस पूर्णपणे व कोणत्याही अटीविना क्षमा करण्यात आलेली आहे. तरी कृपया नोंद घ्यावी व पोच द्यावी. आपला ख्रिस्ती बंधू." खाली सही, सहीखाली तारीख.

हिने पत्र दोनदा वाचलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता.

पोस्टातल्या बाईंनी पाकीट उलटसुलट केलं. "पाठवणारा आणि घेणारा एकाच इमारतीत?"

"एकाच मजल्यावर," मी म्हणालो.

"मग हातात का नाही देत?"

"मामला आध्यात्मिक आहे," मी म्हणालो. त्यांनी घाईघाईने शिक्का मारला. मला तो शिक्का जरा तिरका वाटला, पण मी क्षमेच्याच कामाला आलो होतो म्हणून सोडून दिलं.

चार पावलांवरच्या दारासाठी निघालेलं ते पत्र आधी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मुख्य पोस्टात गेलं, तिथे दोन दिवस राहिलं आणि बुधवारी आमच्या मजल्यावर आलं. समोरचे घरी नव्हते. पोच येईपर्यंत मी रजा टाकली होती. पोस्टमनने आमची बेल दाबली.

"समोरच्यांचं रजिस्टर आहे. शेजारी म्हणून घेता का? इथे सही करा."

आता आली का पंचाईत! ज्या क्षमेची पोच समोरच्यांनी द्यायची, तिची पोच मीच कशी देऊ? मी म्हणालो, "मला घेता येणार नाही."

"का? भांडण आहे?"

"आता नाही. या पाकिटात तेच लिहिलंय."

पोस्टमनने माझ्याकडे पाहिलं, पाकिटावरचं पाठवणाऱ्याचं नाव पाहिलं, आमच्या दारावरची पाटी पाहिली आणि तो एक-एक पायरी बघत खाली उतरला. गुरुवारीही असंच झालं. शुक्रवारी एकदाचे समोरचे सापडले. मी भोकातून बघत होतो. रजिस्टर म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. नोकरदार माणसाला रजिस्टरने कधी चांगली बातमी आलेली नसते. त्यांनी पाकीट न फोडता आत जाऊन आपल्या मेहुण्याला फोन केला.

मेहुणे वकील आहेत. बांध, कुंपण, भिंत, गटार असल्या हद्दीच्याच भांडणात त्यांची हयात गेली. पुढच्या मंगळवारी आमच्याकडे त्यांचं उत्तर आलं, तेही रजिस्टरने. घ्यायला मी घरातच होतो. पोस्टमन म्हणाला, "आता तरी एकमेकांकडे जा हो, माझे पाय दुखतात."

उत्तर असं होतं. "माझ्या अशिलांनी कोणताही अपराध केलेला नसल्याने त्यांना क्षमा करण्याचा आपणांस कोणताही अधिकार नाही. सदर क्षमेमुळे माझ्या अशिलांची मंडळीत व इमारतीत नाहक बदनामी झाली आहे. तरी सदर क्षमा सात दिवसांत लेखी मागे घ्यावी. तथापि, माझे अशील उदार मनाचे असून, आपण रीतसर विनंती केल्यास ते आपणांस क्षमा करण्याचा सहानुभूतीने विचार करतील."

माझा संताप संताप झाला. मला क्षमा? मी क्षमा करणारा पक्ष होतो. पहिलं पत्र माझं होतं, आणि तारखेने मी पुढे होतो. एका अपराधात दोन क्षमा करणारे कसे असतील? कोणीतरी एकाने गुन्हेगार व्हायलाच हवं, नाहीतर सगळ्या व्यवहाराला काही अर्थच राहत नाही. मी दोनदा 'प्रभू, याला सुबुद्धी दे' अशी प्रार्थना केली, आणि दोन्ही खेपांना आवाज जरा चढला.

इमारतीत बातमी पसरायला रजिस्टर लागत नाही. तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी मला जिन्यात अडवलं. "मुळाशी जा," ते म्हणाले. "वरवर भरून काही होत नाही, आतून सडतं." त्यांचा प्रत्येक सल्ला याच धर्तीचा असतो, पण ते सांगताना माणसाचे दात बघत राहतात त्यामुळे मला मोकळेपणाने उत्तर देता येत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "तू आजारी पड. फार नको, चार दिवस. माणसं बघायला येतात." आजींनी अशीच तीन भांडणं मिटवली आहेत, त्यातल्या एकात त्या खरंच आजारी पडल्या होत्या.

मी ठरवलं, आपण वागण्यातून दाखवायचं. कागदावरची क्षमा ते नाकारतील, पण प्रत्यक्ष नम्रता कशी नाकारतील? बुधवारी सकाळी मी लिफ्टपाशी उभा होतो आणि समोरचे आले. मी दार धरलं आणि म्हणालो, "आधी तुम्ही."

तीन वर्षांतला माझा त्यांच्याशी पहिला शब्द.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला लख्ख कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं असतं. ते म्हणाले, "छे छे, आधी तुम्ही."

"तुम्ही वयाने मोठे."

"तुम्हाला कचेरीत जायचंय."

"मी थांबेन."

"मीही थांबेन. मला थांबायची सवय आहे," ते म्हणाले, आणि हे शेवटचं जरा लागेल असंच म्हणाले.

कोणीच आत जाईना. लिफ्ट बराच वेळ टूं टूं करत राहिली आणि खालून कोणीतरी बोलावल्यावर रिकामीच निघून गेली. मग जिना. जिन्याच्या प्रत्येक वळणावर मी भिंतीला चिकटून त्यांना वाट दिली, आणि प्रत्येक वळणावर त्यांनी कठड्याला चिकटून मला दिली. चार मजले उतरायला आम्हाला बावीस मिनिटं लागली. माझ्या मागे त्यांच्या गुडघ्याचा कट् कट् आवाज येत होता. मला वाटलं, मुद्दाम करतायत.

त्या संध्याकाळी सेक्रेटरींचा निरोप आला. आमच्या समितीचे सेक्रेटरी वीज कंपनीतून निवृत्त झाले आहेत आणि माणसांकडे मीटर बघितल्यासारखं बघतात. त्यांच्यापुढे माझं पत्र आणि वकिलांचं उत्तर, दोन्हींच्या प्रती होत्या. कुठून आल्या ते मी विचारलं नाही.

"हे काय चाललंय?" ते म्हणाले. "तक्रार समितीकडे दाखल आहे. निकाल समितीने दिलाय. असं असताना तुम्ही परस्पर क्षमा कशी केलीत?"

"क्षमेला परवानगी लागते?"

"प्रश्न पायंड्याचा आहे. आज तुम्ही केलीत, उद्या पहिला मजला करेल. सगळेच एकमेकांना क्षमा करत सुटले तर समितीने करायचं काय?"

सेक्रेटरींनी तोडगा काढला. मूळ अपराध कोणाचा हे कागदावरून ठरवायचं. ज्याचा अपराध त्याने मागायची, दुसऱ्याने करायची. माझ्या मनासारखं झालं. माझी तक्रार समितीच्या दप्तरात होती, आणि नऊ इंच त्यात शब्दांत आणि आकड्यांत लिहिलेले होते. मी तक्रारीची खरी नक्कल मागितली.

"अर्ज करा," सेक्रेटरी म्हणाले. "स्वतःच्याच कागदाची नक्कल हवी असली तरी अर्ज लागतो. कारणाच्या रकान्यात काय लिहिणार?"

"क्षमा करणे," मी लिहिलं. त्यांनी ते खोडून 'खाजगी' असं केलं.

नक्कल मिळायला दहा दिवस गेले. दप्तराच्या कपाटाची किल्ली खजिनदारांकडे होती, खजिनदार मुलीकडे गेले होते, आणि त्यांच्या मुलीला माझ्या क्षमेचं काही पडलेलं नव्हतं. दरम्यान वकिलांचे सात दिवस संपले आणि त्यांनी मला आठवणपत्र पाठवलं. हिने ते पोस्टमनकडून घेतलं आणि त्याला पाणी विचारलं. तो बसून दोन पेले पाणी प्यायला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही दोघी रोज गच्चीवर कपडे वाळत घालताना गप्पा मारता, आणि हे दोघं मला का पळवतात?"

तेव्हा मला कळलं की ही आणि समोरच्या वहिनी तीन वर्षं रोज बोलत होत्या. मी हिला जाब विचारला. ती म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून सांगितलं नाही."

शनिवारी, म्हणजे निवडीच्या आदल्या दिवशी दुपारी, नक्कल हातात आली. मी सेक्रेटरींच्या दारातच वाचायला सुरुवात केली. अक्षर माझं, सुंदर. नऊ इंच होते. शब्दांत आणि आकड्यांत. त्याखाली एक वाक्य होतं जे मी विसरलो होतो: "सदर सदस्य हे कपाट बसण्यासाठी वापरतात व त्यामुळे येण्याजाण्याचा मार्ग अडतो." आणि सगळ्यात वर आवकचा शिक्का. गुरुवार, अमुक तारीख.

कागदाचा माणूस आधी तारीख बघतो. मी बघितली आणि पुन्हा बघितली.

त्या गुरुवारच्या आधीचा बुधवार मला पक्का आठवत होता. बुधवारी प्रार्थनासभा असते. त्या बुधवारी समोरच्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता, आणि पाळकसाहेबांनी विचारलं होतं, 'आपल्या बंधूसाठी कोण प्रार्थना करेल?' मी उभा राहिलो होतो. सात मिनिटं प्रार्थना केली होती. त्यात मी गुडघ्याच्या प्रत्येक हाडाचा आणि शिरेचा स्वतंत्र उल्लेख केला होता. दोन बायकांनी डोळे पुसले. समोरच्या वहिनी तिथेच होत्या, त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, 'यांना सांगते तुम्ही किती मनापासून मागितलंत ते.' मी घरी येऊन ही प्रार्थना कशी रंगली ते हिला सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्याला वाकता येत नाही त्या माणसाने बूट घालायला टेकण्यासाठी ठेवलेलं कपाट काढून टाका म्हणून अर्ज दिला. बसायला वापरतात हे मला माहीत होतं. मीच लिहिलं होतं.

लाज वाटली. दुसरा शब्द नाही. बावीस वर्षांत मी हजारो कागदांवर तारखा मारल्या, पण कुठल्याही तारखेने माझ्या कानाखाली असा आवाज काढला नव्हता.

रविवारी उपासनेआधी आम्ही सगळे पाळकसाहेबांच्या खोलीत जमलो. मी, ही, समोरचे, वहिनी, आणि जाड फाईल घेऊन वकील मेहुणे. सेक्रेटरी आमच्या चर्चचे नव्हते, पण निकाल ऐकायला आले होते.

"आधी प्रार्थना करू," पाळकसाहेब म्हणाले आणि सवयीने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही करता?"

मी डोळे मिटले. 'हे प्रभू, आमच्या या बंधूसाठी' इथपर्यंत आलो आणि पुढे शब्दच येईनात. माझ्याकडे प्रार्थनेचे शब्द संपलेत असं मंडळीने कधी ऐकलं नव्हतं. मी डोळे उघडले.

"सर," मी समोरच्यांना म्हणालो, "बुधवारी तुमच्या गुडघ्यासाठी प्रार्थना केली आणि गुरुवारी तुमची तक्रार केली. मला क्षमा करा."

"लेखी घ्या!" वकील ओरडले.

"तू गप्प बस," समोरचे त्यांना म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मला माहीत होतं. बुधवारी हिने येऊन तुमच्या प्रार्थनेचं सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गुरुवारी समितीची नोटीस आली. कपाटाचं मला काही वाटलं नाही हो. एकदा येऊन सांगितलं असतंत तर दोघं मिळून सरकवलं असतं. जाऊ दे. केली क्षमा."

त्यांनी हात पुढे केला, मी तो धरला. वहिनींनी आणि हिने एकमेकींना मिठी मारली, जणू तीन वर्षांनी भेटल्यासारखी.

आता खरं सांगतो. मी हात सोडला नाही. मी वाट बघत होतो की आता ते म्हणतील, 'माझंही जरा चुकलंच.' रीतच असते तशी. एकाने मागितली की दुसऱ्याने म्हणायचं, छे, माझंच चुकलं. नऊ इंच कमी असतात का? मी अर्धा मिनिट वाट बघितली. पाळकसाहेबांनीही वाट बघितली असावी, कारण त्यांनी घसा खाकरला. समोरच्यांनी चष्मा नीट केला, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि ते बाहेर जाऊन बसले. त्यांना खरंच वाटत होतं की चूक माझी होती! आणि ती होती, हे कळूनही मला ते सहन होत नव्हतं. क्षमा करण्याची मी तीन आठवडे तयारी केली होती. ती घ्यायची तयारी एका मिनिटाचीही नव्हती.

उपासना झाली. निवडीची वेळ आली. पाळकसाहेबांनी शब्द पाळला आणि माझं नाव वाचलं. मी 'माझी काय पात्रता' म्हणायला उभा राहिलो आणि जन्मात पहिल्यांदा ते वाक्य मला खरं वाटलं, त्यामुळे ते नीट म्हणताच येईना. मी म्हणालो, "या जागी समोरच्यांना घ्या. त्यांना क्षमा करता येते. मला अजून नुसती पाठवता येते."

मंडळीत हशा पिकला. मी विनोद केला नव्हता. कोणीतरी अनुमोदन दिलं, सगळ्यांचे हात वर गेले, आणि समोरचे पंच झाले. एकही माणूस 'नको, तुम्हीच राहा' असं म्हणाला नाही. मी खाली बसता बसता जरा रेंगाळलो होतो, म्हणजे कोणाला म्हणायचंच असेल तर वेळ मिळावा. ही म्हणाली, "बसा आता."

नव्या पंचाला आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात एक काम असतं. पाळकसाहेब त्याला एक वही देतात, आणि त्याने मंडळीतल्या घरोघरी जाऊन विचारायचं की कोणी आजारी आहे का, कोणाला काही अडचण आहे का, आणि कोणाच्या मनात कोणाबद्दल राग आहे का. समोरचे कामाचे पक्के. सोमवारी संध्याकाळी सहा वाजता ते वही घेऊन आमच्या दारात उभे होते. पहिलंच घर.

"आजारी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी फुली मारली. "अडचण?"

"नाही."

दुसरी फुली. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, पण पंच म्हणून विचारायचं ते विचारलंच. "मनात कोणाबद्दल राग?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. वहीत फुली पडली असती, ती मंडळीच्या दप्तरात गेली असती आणि ज्याची नोंद आहे ते खरं ठरलं असतं.

"आहे," मी म्हणालो.

त्यांची पेन्सिल थांबली. "कोणाबद्दल?"

"तुमच्याबद्दल. थोडासाच आहे, पण आहे."

मग त्यांनी वही मिटली, पेन्सिल खिशात ठेवली आणि म्हणाले, "माझाही आहे. मी काल सगळ्यांसमोर बोललो नाही."

"मग आत या," मी म्हणालो. "उभ्याने किती सांगणार?"